पुस्तक मिटल्यावर

शास्त्रपाठ : लूक २:४१-५२

फेब्रुवारी महिना लागला की हुबळी-धारवाडच्या आपल्या मंडळ्यांतून प्रार्थनेच्या विनंत्यांचा रंग बदलतो. आजाऱ्यांची व प्रवाशांची नावे मागे पडतात आणि चिठ्ठ्यांवर दहावी, पी. यू. सी., नर्सिंग, बी. कॉम. अशी अक्षरे दिसू लागतात. उपासना आटोपल्यावर एखादी आई आपल्या मुलाला पाळकसाहेबांपुढे उभे करते व त्याच्या मस्तकावर हात ठेवून घेते. हे योग्यच आहे. लेकरांना प्रभूजवळ येण्यास कोणी मना करू नये. परंतु त्या चिठ्ठ्या हाती घेताना आमच्या मनात दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. आमेन म्हणून घरी गेल्यावर ते मूल काय करते? ते पुस्तक उघडते व वाचते. तोच धडा पुन्हा वाचते. लाल-हिरव्या पेनाने ओळींखाली रेघा ओढते. गच्चीवर फेऱ्या मारीत मोठ्याने वाचते. रात्री एक वाजेपर्यंत दिवा जळतो, आणि आई शेजारणीला कौतुकाने सांगते की पोर फार अभ्यास करते. प्रियांनो, ह्याला अभ्यास म्हणावे काय, हाच आजच्या आपल्या मननाचा विषय आहे.

आरंभी घेतलेला शास्त्रपाठ आपण शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. वल्हांडणाच्या सणाला गेलेले कुटुंब परत निघते, एका दिवसाची वाट चालून गेल्यावर मुलगा बरोबर नाही असे आईबापांच्या ध्यानात येते, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो. ह्या वृत्तान्तावर उपदेश करताना आपण बहुधा मरीयेच्या काळजीवर किंवा पित्याच्या घराविषयीच्या प्रभूच्या उत्तरावर थांबतो. पण बारा वर्षांचा मुलगा गुरूंच्या मध्ये बसून काय करीत होता हे लूकने नेमके लिहून ठेवले आहे, आणि तिकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. तो ऐकत होता. तो प्रश्न विचारीत होता. आणि सत्तेचाळिसाव्या वचनावरून दिसते की तो उत्तरेही देत होता, कारण लोक त्याच्या उत्तरांनीच थक्क झाले. ऐकणे, विचारणे व उत्तर देणे ह्या तीन क्रियांत ते मंदिरातील दिवस गेले.

आणि शेवटच्या वचनात लूक म्हणतो की येशू ज्ञानाने वाढत गेला. वाढत गेला हा शब्द आपण सावकाश वाचावा. देवाच्या पुत्राच्या ठायीही मनुष्य ह्या नात्याने ज्ञान एका रात्रीत ओतले गेले नाही. तो शिकला. मग परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा विषय देवाने आपल्या डोक्यात उतरवावा अशी अपेक्षा धरणाऱ्याने हे वचन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

आता वाचनाकडे वळू. वाचू नका असे आम्ही म्हणत नाही. वाचल्याशिवाय काही कळणार नाही. पण वाचन ही अभ्यासाची सुरुवात आहे, आणि आपली बहुतेक मुले सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा सुरुवात करीत राहतात. आपल्या हुबळी स्थानकाचा फलाट १,५०७ मीटर लांबीचा आहे. २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून त्याचे नाव झाले. ह्या फलाटावर कोणी सकाळपासून रात्रीपर्यंत येरझारा घातल्या तर त्याचे पाय दुखतील, घाम निघेल, आणि आपण पुष्कळ चाललो हे तो खरेपणाने सांगू शकेल. पण पुण्याला जायचे असेल तर गाडीत चढावे लागते. एकच धडा दहा वेळा वाचणारे मूल असेच फलाटावर चालत असते. त्याच्या श्रमाविषयी शंका नाही. म्हणूनच त्याची कींव येते.

असे का व्हावे? दुर्गदबैलच्या बाजारात समोरून एखादा मनुष्य येतो. चेहरा ओळखीचा वाटतो, आपण हसतो, तोही हसतो, आणि नाव काही केल्या आठवत नाही. चेहरा ओळखणे वेगळे व नाव आठवणे वेगळे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा धडा वाचताना मुलाला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि त्याचे मन म्हणते, हे तर मला येते. परीक्षेत मात्र धडा समोरून चालत येत नाही. तिथे कोरा कागद असतो, आणि नाव आपल्याला सांगावे लागते.

ही आमची कल्पना नव्हे. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन विद्वानाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीची परीक्षा घेतली व १८८५ साली ती छापली. पाठ केलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो असे त्याला आढळले. पुढे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके ह्या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार बैठकांत वाचला, नुसता वाचला. त्यांची सरासरी चौदा वाचने झाली. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला, तोही तीनचार वेळा, आणि उरलेल्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना शेकडा ४० भाग आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना शेकडा ६१. ह्यात आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते ते हे, की आपल्याला चांगले आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. आत्मविश्वास एका गटाला मिळाला आणि विद्या दुसऱ्याला! परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन फळते असे मुलांना का वाटते त्याचेही उत्तर ह्यात आहे. पाच मिनिटांपुरते ते फळतेच.

पण सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज काय? आपल्या मराठी मंडळीला जिच्याविषयी अभिमान वाटतो त्या पंडिता रमाबाईंचेच शिक्षण पाहा. १८५८ साली आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले होते. वडिलांचे वय झाले तेव्हा रमाबाई सात-आठ वर्षांच्या झाल्यावर त्यांना शिकविण्याचे काम आईने घेतले. दिवसभर घरकाम असे, म्हणून पहाटे, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी, ती लेकीला गोंजारून उठवी. हातात पुस्तक नसे. आई म्हणे, मूल म्हणून दाखवी. अशा रीतीने बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना सरस्वती ही पदवी दिली, ही गोष्ट आपण सर्वजण जाणतो.

पाठांतराचे हे आकडे ऐकून आपण थक्क होतो व तिथेच थांबतो. रमाबाईंनी स्वतः मात्र आपल्या आत्मकथनात आईविषयी जी कृतज्ञता व्यक्त केली आहे ती श्लोकांच्या संख्येबद्दल नाही. इतरांच्या फारशा साहाय्याशिवाय आपले शिक्षण आपणच पुढे चालवावे अशी आईने माझ्या बुद्धीला तयारी करून दिली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आईबाप दुष्काळाच्या दिवसांत गेले, पण ही शिदोरी राहिली. म्हणूनच पुढे उतारवयात, मुक्तिसदनाच्या शेकडो मुलींचा प्रपंच सांभाळीत असता, ह्या बाई इब्री व ग्रीक भाषा घेऊन बसू शकल्या आणि गावच्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्यांचा अंत झाला तोवर ते काम त्यांनी हातावेगळे केले होते. शिकविणारे गेल्यावरही शिकत राहता येणे, ही ती तयारी.

लक्ष्मीबाईंच्या त्या पहाटेच्या रीतीत आणि २००६ सालच्या त्या प्रयोगात आम्हांला तरी फारसा फरक दिसत नाही. ग्रंथ समोर नाही. जे आहे ते आतून बाहेर काढावे लागते. आणि ते एकदाच नव्हे. अनुवाद ६:७ मध्ये देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबविण्याविषयी जे सांगितले आहे, तेथील मूळ इब्री शब्द धार लावणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला आहे असे शास्त्राचे अभ्यासक सांगतात. घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता ही बोलणी व्हावीत असे मोशे म्हणतो. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. विळ्याला धार लावणारा एकाच दिवशी वर्षाची धार लावून ठेवीत नाही.

आपल्या भागातील मुलांची एक वेगळी अडचण आहे, तिच्याविषयी बोलले पाहिजे. रेल्वे वर्कशॉपच्या किंवा गिरणीच्या निमित्ताने ज्यांचे आजे-पणजे इकडे आले त्या घरांत मराठी बोलतात, प्रार्थना मराठीत होते, शाळा कानडी असते आणि कॉलेजात गेल्यावर सारे इंग्रजीत. मूल तीन भाषांच्या मध्ये उभे असते. अशा मुलाला पाठ करणे हा सोपा मार्ग वाटतो, कारण न कळलेले वाक्यही पाठ होते. गाईड विकणाऱ्यांचे त्यावर बरे चालते.

परकी भाषा शिकणे कठीण आहे, पण ते शास्त्राला अपरिचित नाही. दानीएल व त्याचे तिघे सोबती ह्यांना राजाने खास्दी लोकांची विद्या व भाषा शिकण्यास बसविले, आणि मुदत तीन वर्षांची दिली. देवाने त्यांना ज्ञान व बुद्धी दिली असे पहिल्याच अध्यायात लिहिले आहे. पण तीन वर्षे कमी केली असे लिहिलेले नाही. आणि आपल्याच धारवाडात १८५३ साली बासेल मिशनचा एकवीस वर्षांचा एक तरुण आला होता, फर्डिनांड किट्टेल. त्यांना कानडीचे अक्षर ओळखीचे नव्हते. त्यांनी पंडितांना विचारले, जुनी काव्ये व व्याकरणे वाचली, साध्या लोकांच्या तोंडच्या म्हणी टिपून घेतल्या. सुमारे ७०,००० शब्दांचा त्यांचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरहून निघाला. येण्यापासून कोशापर्यंत एकेचाळीस वर्षे! आपली मुले ज्यांच्या नावाच्या कॉलेजात जातात ते किट्टेल हेच. आणि ज्यांच्या घरची भाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे ह्याच गावात कानडीचे मोठे कवी झाले व १९७३ साली ज्ञानपीठ पारितोषिकाचे मानकरी ठरले. तेव्हा घरात मराठी बोलतात म्हणून मूल मागे पडते, ही समजूत धारवाडच्या माणसाने तरी बाळगू नये.

उलट आम्ही असे म्हणू की मराठी हीच त्या मुलाची कसोटी आहे. विज्ञानाचा धडा कानडीत किंवा इंग्रजीत वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि तोच धडा घरच्या मराठीत कोणाला तरी सांगावा. जिथे सांगता येत नाही तिथे कळलेले नाही. शब्द पाठ झाले असतील, पण फिलिप्पाने त्या हबशी अधिकाऱ्याला रथाजवळ जाऊन विचारलेला प्रश्न तिथे उभा राहतो : जे वाचतोस ते तुला समजते काय? तो अधिकारी मोठ्याने वाचीत होता हे ध्यानात घ्या. मोठ्याने वाचणे पुरले असते तर फिलिप्पाला धावत जावे लागले नसते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपण मुलांना शिकण्याची जी सवय लावतो तीच घेऊन ती दहावीला बसतात. दर रविवारी आपण एक सुवर्णवचन देतो. मुले ते पाठ करून येतात, धडाधड म्हणतात, चिकट चित्र मिळवितात आणि पुढच्या रविवारी नवे वचन घेतात. मागील महिन्याची चार वचने कोणी विचारीत नाही. वार्षिक दिनापूर्वी विचारले तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. लूथरने १५२८ साली सॅक्सनीतील मंडळ्या फिरून पाहिल्या, लोकांना व कित्येक पाळकांनाही विश्वासाच्या मूळ गोष्टी येत नाहीत हे पाहून तो कष्टी झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने लहान प्रश्नोत्तरावली लिहिली. तीत आज्ञा असो वा प्रभूची प्रार्थना, प्रत्येक भागानंतर त्याचा अर्थ विचारलेला आहे. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत. आज ही पुस्तके आपल्याला कोरडी वाटतात, आणि त्यांचा उपयोगही पुष्कळदा कोरडेपणाने झाला. परंतु शिकणाऱ्याला विचारल्याशिवाय शिकविणे पुरे होत नाही हे त्या लोकांना ठाऊक होते. तेव्हा नवे वचन देण्यापूर्वी गेल्या रविवारचे एक आणि महिन्यापूर्वीचे एक विचारा. मुले अडखळतील. लगेच सांगून टाकू नका. घटकाभर आठवू द्या. त्या अडखळण्यातच वचन रुजत असते. आणि म्हणून दाखविल्यावर, बाळा, आता तुझ्या शब्दांत सांग, असे म्हणा.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठीही रीत हीच. एक भाग वाचावा, पुस्तक मिटावे, रद्दी कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून काय सुटले ते पाहावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटल्या पुस्तकाने, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्याने. गणिते सोडविलेली वाचू नयेत. उत्तर झाकून सोडवावीत. जुन्या प्रश्नपत्रिका अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नयेत. आणि झोपावे. सप्तापूरच्या खोल्यांतून स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी खेड्यापाड्यांतील मुले रात्र-रात्र जागतात. त्यांच्या जिद्दीपुढे आमची मान लवते, पण प्रभू आपल्या प्रियांस झोप देतो हे एकशे सत्ताविसाव्या स्तोत्राचे सांगणे त्यांनाही लागू आहे. झोपेतच दिवसाचे शिकणे मनात पक्के बसते असे आता शास्त्रज्ञही म्हणतात. ही रीत सुरुवातीस कडू लागते. वाचताना सारे येते असे वाटून जे सुख होते ते हिच्यात नाही. आपल्याला किती येत नाही हेच ती रोज दाखविते. पुष्कळ मुले ती दोन दिवसांत सोडतात ती ह्याच कारणाने, आणि तिथे त्यांना घरच्यांचा धीर लागतो.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण केवळ गुण नव्हेत. आमच्या परिचयाचा एक तरुण दहावीला दोन विषयांत राहिला. रोज रात्री दोनपर्यंत वाचणारा, उपास करणारा, पेटीवर गीत वाजविणारा मुलगा. निकालानंतर तो उपासनेस येईना. आम्ही घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, “देवाने माझे ऐकले नाही. आणि ऐकले असेल तर मग मीच मठ्ठ आहे.” किती कोवळ्या वयात केवढे भयंकर दोन निष्कर्ष! देव बहिरा किंवा मी मठ्ठ. तिसरी शक्यता त्याच्यापुढे कोणी ठेवलीच नव्हती. तो कसा वाचतो हे घरी, शाळेत, मंडळीत कोणी विचारले नव्हते. सर्वांनी तो किती वाचतो एवढेच मोजले होते. शिकण्याची रीत मुलांना न शिकविणे हा साधा हलगर्जीपणा नाही. एखाद्या लेकराचा विश्वास त्याने डळमळतो. कर्नाटकात दहावीला एकाच वर्षात पुन्हा बसण्याची सोय आहे. त्यामुळे राहिलेल्या मुलाचे वर्ष वाया जाईलच असे नाही. पण जुन्याच रीतीने तो पुन्हा बसला तर त्याचा धीर मात्र पुन्हा खचेल.

ह्यावर कित्येक आया म्हणतात, आम्ही काय मदत करणार? आम्हांला ना इंग्रजी येते, ना ते नवे गणित कळते. त्यांनी आजच्या शास्त्रपाठाचे पन्नासावे वचन वाचावे. मुलगा जे बोलला ते त्याच्या आईबापांना समजले नाही असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तरी मरीयेने त्या सर्व गोष्टी मनात ठेवल्या. न समजणारी आई ही शास्त्रातली आई आहे.

रेल्वे कॉलनीत आमच्या मंडळीतील एक बाई आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या, तीही बेळगावकडच्या खेड्यात. संध्याकाळी त्या ज्वारीच्या भाकऱ्या थापतात आणि त्यांची मुलगी, जी पी. यू. सी. ला जीवशास्त्र घेऊन बसली आहे, चुलीशेजारी पाटावर बसून त्या दिवशी शिकलेले सांगते. पुस्तक आतल्या खोलीत असते. हृदयाचे कप्पे, रक्त कुठून येते, कुठे जाते. बाई पिठाचा हात न थांबविता ऐकतात आणि मध्येच म्हणतात, “अगं, मला नाही कळलं. तिथून पुन्हा सांग.” मुलगी वैतागते, थोडी थांबते, विचार करते, आणि तिथून पुन्हा सांगते.